वारुळाचा पासवर्ड

माणसांच्या घरांना कुलपं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका वारुळात मुंग्या अंगाचा वास हुंगूनच आत घेत, तोच पासवर्ड. एक किडा तो वास अंगाला चोळून आत शिरला आणि अंडी खाऊ लागला. मुंग्यांनी त्याला कसंबसं हाकललं आणि गूळ वाटला.

"अगं, वास त्याला ठाऊक झालाय," दारावरची म्हातारी ठकूआत्या म्हणाली. "आजच बदला."

"आत्या, तुमचं आपलं काहीतरीच! गेला ना तो?" तरुण पोरी म्हणाल्या.

चरफडत ठकूआत्या एकटीच वास बदलायला कडुनिंबाच्या पाल्यात लोळून आली. दारात पोरींनी तिला हुंगलं.

"परकी आहे! हाकला हिला!"

"अगं, मी तुमची आत्या!" ती ओरडत राहिली. पोरींनी तिला ढकलून दिलं.

मागोमाग जुनाच वास चोळून किडा आला. बाहेर पडलेल्या आत्याला पोरींचा आवाज ऐकू आला, "ये गं, घरचीच तू!"