टॉवेलाखालचा लाल दिवा

"दोष कुणाचा, असं म्हणणं आहे तुझं?"

"माझ्या बापाचा," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाचा?"

माझा जुना व्हिडिओ गेम अण्णा मगदूमांनी उलटा केला, तळाचे स्क्रू काढले आणि ब्रशनं आतली धूळ झाडायला लागले.

कुंभोजच्या रस्त्याला, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या मागं त्यांची एक खोली आहे. एके काळी इचलकरंजीत त्यांचा क्लास होता. टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर, आणि त्यात प्रोग्रॅम चढायचा टेपरेकॉर्डरवरून, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडत. आता चाळिशी ओलांडलेली माणसं पुण्या-बेळगावहून आपापली मशीनं उराशी धरून इथं येतात. मशीन चालू झालं की डोळे पुसतात आणि अण्णांना गुरू म्हणतात.

मी म्हणणार नव्हतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं ते गुरूंना कंटाळूनच. तिथं एकाही सरांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द मी ऐकले नाहीत.

"काय केलं बापानं?"

"प्लग काढला."

"...एवढंच?"

"एवढंच? अण्णा, तुम्हाला तरी कळायला पाहिजे. यात सेव्ह नव्हतं. कॅसेटवर लिहिलंय हजार गेम, आत तेच सात-आठ फिरून फिरून. त्यातला एक धड. अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून मी त्याच्या शेवटच्या किल्ल्यापाशी पोचलो. पॉज केला, टीव्ही बंद केला, गेम चालूच ठेवला आणि झोपलो. सकाळी उठून जिंकणार होतो."

"मग?"

"सकाळी प्लग काढलेला. वायर गुंडाळून ठेवलेली. का काढला विचारलं, तर म्हणाला, 'काढला.' बास. एक शब्द."

अण्णांनी ब्रश खाली ठेवला.

"लाल दिवा दिसू नये म्हणून वर काय टाकलं होतंस?"

"टॉवेल."

"हं... सगळे टॉवेलच टाकतात."

माझा फोन वाजला. बाप. मी कापला.

"कोण?"

"तोच. उद्या मिरजेत त्याचं बायपास आहे. ताई मागं लागलीय, ये म्हणून."

"आणि तू इथं आलास."

"कॉलेज सोडल्यापासून मी घरी गेलेलो नाही. गेमवरून नाही हं, तेवढा खुळा नाही मी. सायन्स घ्यायचं, तबला बंद करायचा, गाव सोडायचं... सगळं त्यानंच ठरवलं. आमच्या घरातले सगळे प्लग असेच निघाले, मला न विचारता. हा पहिला."

"उद्या जाणार नाहीस?"

"नाही. मला तो किल्ला बघायचाय."

"मग बघ की," अण्णा म्हणाले.

त्यांनी स्क्रू आवळून गेम माझ्यापुढं ठेवला. मी सवयीनं कॅसेट तोंडाशी नेली.

"फुंकू नकोस. थुंकी जाते आत. पिना गंजतात."

"सगळे फुंकतात, अण्णा."

"म्हणून तर सगळे माझ्याकडं येतात."

हसू आलं. दाबलं.

टीव्हीवर मुंग्या आल्या, मग निळं, मग ती धून. ती कानात नाही, थेट पोटात गेली. मला वाटलं होतं, सगळं विसरलो असेन. अंगठे विसरले नव्हते. कुठं उडी, कुठं थांबायचं, कुठल्या विटेमागं जीव लपलाय... दुपार कशी सरली कळलं नाही. आणि पडद्यावर शेवटच्या दारापलीकडं तो किल्ला उभा राहिला. लहानपणी होता तसाच, चौकोनी, बावळट, सुंदर.

"थांबव," अण्णा म्हणाले. "जेवून घेऊ."

"आत्ता?"

"दिवस मावळला की मी खात नाही. थांबव."

पॉज केला.

"टीव्ही बंद कर. तेव्हा केलं होतंस तसंच कर सगळं."

दोरीवरचा टॉवेल त्यांनी काढून दिला. मी गेमवर टाकला. त्यांनी अडाप्टरही उचलून त्याच्याखाली सारला.

भाकरी, मुगाची उसळ, ताक. जेवताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. माझा सगळा जीव टॉवेलाखाली. जेवण झालं तरी ते भिंतीला टेकून बसूनच राहिले.

"आता लावू?"

"थांब."

"अण्णा, तुम्ही पण ना..."

"थांब म्हटलं."

थांबलो. खिडकीतलं ऊन टीव्हीवरून भिंतीवर चढलं. मग वास आला. प्लास्टिक तापल्याचा, गोडसर.

अण्णांनी माझा हात धरला. त्यांच्या डाव्या हाताची कातडी ओढलेली, चकचकीत आहे. सकाळपासून बघत होतो. सोल्डरिंग करता करता झालं असेल, असं वाटलं होतं. त्या हातानं त्यांनी माझा हात टॉवेलाखाली नेला आणि अडाप्टरवर टेकवला.

चटका बसला. दुसऱ्या हातानं मी प्लग उपसला.

टॉवेलाखालचा लाल दिवा विझला.

"अरेरे," अण्णा म्हणाले. "गेला की तुझा किल्ला."

"तापला होता, अण्णा! पेटलं असतं सगळं."

"खेळ माझ्या घरात चालला होता. मला विचारलंस?"

"विचारत काय बसायचं? वेळ कुठं..."

बोलता बोलता मी वायर गुंडाळायला लागलो होतो, बापानं गुंडाळली होती तशी.

...

फोन पुन्हा वाजला.

"उचल," अण्णा म्हणाले.

उचलला. पलीकडं नुसता श्वास. मी उचलेन असं त्याला वाटलंच नसावं.

"किती वाजता आत नेणारेत?" मी विचारलं.

"आठ," बाप म्हणाला. नेहमीसारखा, एक शब्द.

"...येतो."

फोन ठेवला. हात अजून झोंबत होता. मला अण्णांचा राग आला. म्हातारी माणसं सरळ सांगत नाहीत काही. माझ्या बापानं सांगितलं नाही, यांनीही नाही.

"हे सगळं ठरवून केलंत तुम्ही."

"हो."

"आणि तुमच्या हाताचं? ते तरी नीट सांगा."

अण्णा टॉवेलाची घडी घालत होते. घडी वाकडी झाली. मोडून पुन्हा घातली.

"आमचा वर्धमान म्हणाला होता, 'अण्णा, बंद करू नका हं.' झोपायच्या आधी मी हात लावून बघितला. तापला होता... त्याला वाईट वाटेल म्हणून चालू ठेवला. रात्री पेटलं. पोरगा गेला."