पानांचा मुकुट

त्या दिवशी वारा पडला होता, मुरूडात घामाच्या धारा लागल्या होत्या. तरी याकूबचाचा शिंपी स्वतः शिवलेला नवा सदरा घालून बसले. पूर्वज आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांवर टीव्हीवाले कार्यक्रम करणार होते. मागच्या कार्यक्रमात सिद्दी म्हणजे नाचरे जंगली असं दाखवलं, तेव्हा चाचांच्या नातीला शाळेत पोरांनी रडवलं होतं.

निवेदक म्हणाला, "चाचा, सदरा काढा, हा पानांचा मुकुट घाला. खरे सिद्दी वाटले पाहिजेत!"

चाचांनी मुकुट हातात घेतला. "घालतो की! पण आम्हा कोकणातल्यांत पाहुण्याआधी यजमान काही घेत नाही बघा. आधी तुम्ही कोट काढून घाला, मग मी."

कॅमेरा चालूच होता. निवेदकानं मुकुट गुपचूप पिशवीत कोंबला.

कार्यक्रमात चाचा सदऱ्यातच, शिलाई मशीनपाशी बसून बोलले. शेजारची हिराबाय कुंपणावरून ओरडली, "चाचा, या खेपेस टीव्हीत आपल्या गावचा माणूस दिसला हो!"