डाव्या गालावरची घडी

अख्ख्या गावात मिळून एकच आरसा असायचा, त्या काळातली ही गोष्ट. समुद्राकाठच्या मिठागरात एका बाईला जुळ्या मुली झाल्या. घटकाभर आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी. दोघी इतक्या सारख्या, की आईसुद्धा फसायची आणि एकीलाच दोनदा जेवायला वाढायची. दुसरीनं भोकाड पसरलं की मग तिच्या लक्षात यायचं.

आईच्या डाव्या गालावर एक घडी होती. ओठाच्या कोपऱ्यापासून खाली उतरणारी, फक्त डावीकडेच. आई हसली की ती खोल व्हायची. आजीलाही तशीच होती म्हणे. धाकटी आईच्या डाव्या कुशीत झोपायची आणि त्या घडीत बोट ठेवल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. थोरली उजव्या कुशीत. तिच्या वाट्याला नुसता गाल यायचा, पण तिची काही तक्रार नव्हती.

मुली मोठ्या झाल्या. थोरलीला मिठागरातच दिलं. धाकटीला दिलं घाटावर, तीन दिवसांच्या वाटेवर, पानमळेवाल्यांच्या घरी. आणि तिथंच घोडं अडलं. कोरड्या दिवसांत मीठ पिकतं, तेव्हा थोरलीला हलता येईना. त्याच दिवसांत पानवेलींना रोज पाणी लागतं, तेव्हा धाकटीला हलता येईना. पावसाळ्यात दोघी मोकळ्या, तर घाट बंद. असं करता करता तीस वर्षं गेली. आता तुम्ही म्हणाल, मनात असतं तर भेटल्या असत्या. म्हणा बापडे. फावडं तुमच्या हातात नव्हतं.

मधे आई गेली. भर पावसाळ्यात, थोरलीच्या मांडीवर. धाकटीला निरोप पोचला तोवर तीन महिने होऊन गेले होते. आईचं शेवटचं तोंड तिला दिसलं नाही ते नाहीच.

मग एका दसऱ्याला धाकटीचा दीर मिठागरात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनीच्या डोळ्यांवर पडदा धरलाय. शिमग्यापर्यंत दिसेल, पुढचं कुणी सांगत नाही. तिनं निरोप दिलाय, आक्का, सगळं टाकून ये. मला तुझं तोंड बघायचंय."

थोरलीनं पदर डोळ्यांना लावला आणि तशीच गावातल्या एकुलत्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. बघते तर काय! तीस वर्षं उन्हात उभं राहून, मिठाच्या लखलखाटात डोळे बारीक करून तोंडाचं पार सुकट झालेलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ती सावलीत राहिलेली. तुकतुकीत असेल. आणि डोळे जाण्याआधी शेवटचं म्हणून तिनं हे बघायचं?"

घाटाच्या पायथ्याला एक लेपवाला वैद्य राहायचा. झाडपाल्याच्या लेपानं तो सुरकुत्या घालवायचा. जाता जाता थोरली त्याच्या अंगणात थांबली. दीर म्हणाला, "कशाला वेळ घालवता? वहिनी वाट बघतेय." पण ऐकेल ती थोरली कसली!

वैद्याची एक रीत होती. लेप लावण्याआधी तो चेहऱ्यावरच्या रेघा रंगवायचा. उन्हानं आणि सवयींनी आलेल्या रेघा कोळशानं, आईबापांकडून आलेल्या कुंकवानं. थोरलीचं तोंड त्यानं बराच वेळ निरखलं.

"ह्या डोळ्यांजवळच्या उन्हाच्या. ओठांवरच्या चुण्या मशेरीच्या. मशेरी सोडा आणि डोक्यावर पदर घ्या, म्हणजे नव्या येणार नाहीत."

"डोक्यावर पदर घेऊन फावडं चालत नाही, वैद्यबुवा."

"मग फडकं बांधा." वैद्यानं कुंकवाची काडी उचलली आणि डाव्या गालावर एकच रेघ ओढली. "ही मात्र रक्तातली. उन्हानं लवकर वर काढली इतकंच. तुमच्या बहिणीलाही येईल, सावलीत आहे म्हणून उशिरा. कोळशाच्या सगळ्या काढतो. ही राहू द्या."

"का? निघत नाही का?"

"निघते की. पण सहा महिन्यांनी आपल्या पायानं परत येते. आणि काढून घेणारी माणसं पुढे हळहळतात, असं मी पाहिलंय."

वैद्याच्या आरशात थोरलीला काय दिसलं? इतक्या रेघांतली अजून एक रेघ, आणि तीही सगळ्यांत खोल. ती म्हणाली, "काढा. एकसुद्धा ठेवू नका."

सात दिवस लेप चालला. आठव्या दिवशी थोरलीचा गाल असा नितळ झाला, की दीर चाचरला, "वहिनी, तुम्ही इथं कशा?" थोरलीला काय आनंद झाला म्हणून सांगू! घाट ती पोरीसारखी चढली.

धाकटी ओट्यावरच बसली होती. पावलांच्या आवाजानं उठली. तिनं बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, डोळे ताणून डाव्या गालाशी नेले. बघतच राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "आईची घडी कुठाय?"

थोरलीनं आपला डावा गाल चाचपला.

"दीर मागं एकदा मिठाला आले होते, तेव्हा परत येऊन म्हणाले होते. तुमची बहीण हुबेहूब तुमच्या आईवर गेलीय, गालावर तश्शीच घडी आहे. तेव्हापासून एकच ध्यास घेतलाय गं. कुठाय ती?"

"काढून टाकली," थोरली कशीबशी म्हणाली. "तुला चांगलं तोंड दिसावं म्हणून. तुझ्यासारखं."

धाकटी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आमच्या गावचा आरसा आमच्याच माजघरात आहे, आक्का. तुझं तोंड मला रोज त्यात दिसतं. आईचं दिसत नव्हतं."

त्या वर्षी मिठाचा हंगाम थोरलीशिवाय गेला. ती परत गेलीच नाही. रोज सकाळी ती अंगणात उन्हाला बसायची, उगीचच हसायची, गाल ओढून बघायची. धाकटी जवळ बसून विचारायची, "आली का?" थोरली म्हणायची, "अजून नाही." संक्रांत गेली. धाकटीला आधी सुईचं नेढं दिसेना, मग ताटातला भात. शिमग्याच्या दिवशी होळी पेटली, तेव्हा ती म्हणाली, "ऊब लागतेय. मोठी केलीय का रे?" तेव्हा सगळ्यांना कळलं.

चैत्रातली एक सकाळ. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. शेजारची शेळी मळ्यात शिरली आणि दीर आरडत तिच्या मागे धावला. शेळी धोतराचा सोगा तोंडात धरून उलटी त्यालाच ओढू लागली. थोरली खो खो हसली. काय झालं ते सांगावं म्हणून तिनं धाकटीचा हात धरला, आणि धाकटीनं तो सवयीनं तिच्या डाव्या गालावर ठेवला.

बोट घडीत गेलं.

"आक्का! हलू नको. आली. अगं, आई आली!"

थोरलीचं हसू थांबलं आणि तिला रडू फुटलं.

"रडू नको ना, घडी मोडते," धाकटी म्हणाली. "हस. जरा वेळ हस गं." आणि थोरली डोळ्यांतून पाणी गळत असताना हसत राहिली. धाकटी तिच्या खांद्यावर डोकं टेकून, घडीत बोट ठेवून, सकाळच्या उन्हात तिथंच झोपी गेली. थोरली कितीतरी वेळ हलली नाही. आई बोटाला सापडली होती. डोळ्यांना सापडायची ती राहूनच गेली.

आता तात्पर्य विचाराल, तर ते एवढंच: उन्हानं दिलेल्या रेघा हव्या तर खुशाल पुसा, त्यात कुणाचं काही जात नाही, पण रक्तानं दिलेली रेघ पुसण्याआधी, ती बघायला कुणी आसुसलेलं तर नाही ना, एवढं विचारून घ्या.