पांढरी चौकट

“...पण मी खोटं काहीच सांगणार नाही, बुवा. मग त्यात पाप कसलं?”

अमृतबुवांनी मान वर केली नाही. पुढ्यात सूप होतं, सुपात तूरडाळ. खडा सापडला की ते तो बाजूला काढून ठेवत.

“पापाचं नाव मी कुठे काढलं? तूच ते बरोबर घेऊन आत आलीस.”

विभावरी गप्प झाली. गप्प बसणं तिला फार वेळ जमत नसे.

बाई हुशार, यात वाद नाही. तापीपलीकडच्या डोंगरात एक संस्था निवासी शाळा चालवायची. त्या सगळ्या शाळांची माहिती एका पडद्यावर आणायचं काम विभावरीने अंगावर घेतलं आणि तडीस नेलं. कुठे किती मुलं, किती आजारी, धान्य किती उरलं, पाणी आहे की नाही, हे शाळेच्या अधीक्षकाने संध्याकाळी मोबाइलवर भरायचं. शहरातल्या कार्यालयात भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक शाळेची एक चौकट उजळायची. सगळं ठीक असलं तर हिरवी, नसलं तर लाल.

संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना चहाच्या आधी तो पडदा दाखवत. विभावरीचा ऊर भरून येई. आपल्या कामाचा अभिमान वाटावा, त्यात गैर काही नाही. तिला तो जरा जास्त वाटायचा, एवढंच. बुवांची ती जुनी शिष्या. पण गेली काही वर्षं मठात यायची ती बहुधा काहीतरी सांगायला, विचारायला नव्हे.

आज मात्र विचारायला आली होती.

“सगळं सांग,” बुवा म्हणाले. “उद्या चौकशीत सांगणार आहेस तेवढंच नको.”

“वरच्या पाड्यावरच्या शाळेत तापाची साथ आली. सायबी नावाची मुलगी गेली. आठवीतली.”

“हं.”

“तिथले अधीक्षक जगन पावरा. त्यांनी त्या दिवसांत माहिती भरलीच नाही. उद्या समितीपुढे मला इतकंच सांगायचंय. यंत्रणा व्यवस्थित चालू होती. पावरा सरांनी माहिती भरली नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत.”

“मग त्या पावऱ्यांचं काय होईल?”

“नोकरी जाईल... कदाचित गुन्हाही दाखल होईल.”

बुवांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“त्यांच्या चौकटीत काय दिसत होतं?”

“कधी?”

“माहिती भरली नाही म्हणतेस. मग त्या दिवसांत चौकटीत काय दिसत होतं?”

विभावरीने पदराने कपाळ पुसलं. दुपार तापली होती हे खरं, पण घाम काही उन्हाचा नव्हता.

“...हिरवं.”

“माहिती न भरता?”

आता सांगणं भागच होतं. तिने सांगितलं.

यंत्रणा आखायची पहिली बैठक. भिंतीवर नमुन्याचा पडदा. अध्यक्ष खुर्चीत रेलून म्हणाले, हे मधे मधे पांढरं काय आहे? विभावरी म्हणाली, ज्या शाळांची माहिती आली नाही, त्यांच्या चौकटी रिकाम्या आहेत. अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. देणगीदार येतात, म्हणाले, पंगतीत अर्धी पानं कोरी राहिल्यासारखं दिसतं हे. काहीतरी करा.

विभावरीने केलं. एकच नियम घातला. आज माहिती आली नाही, तर कालचीच दाखवायची.

“त्यानंतर पडदा एकदाही पांढरा पडला नाही,” ती म्हणाली.

म्हणताना आवाजात अजूनही थोडं कौतुक होतं. ते तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

“शाळांकडे गाडी असते ना एक? दवाखान्यात न्यायला?”

“आहे. पडदा बघून पाठवतात. त्या दिवसांत खालच्या शाळेत होती. तिथे कुणाला तरी खोकला झाला होता. चौकट लाल होती.”

...

“तुझा पडदा यायच्या आधी कसं चालायचं?”

“फोनवर. रोज संध्याकाळी प्रत्येक शाळेचा फोन यायचा. वरच्या पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे पावरा सर टेकडीवर चढून फोन करायचे. आताही माहिती पाठवायला टेकडीवरच जावं लागतं.”

“आणि फोन आला नाही तर?”

विभावरी सुपाकडे बघत राहिली.

“बोल.”

“सकाळी गाडी जायची.”

“कुणी न बोलावता?”

“फोन नाही म्हणजे काहीतरी झालंय, असं धरायचे. तो जुना शिरस्ता होता. पावरा सर त्या काळातले.”

“नवा शिरस्ता त्यांना कुणी सांगितला?”

“सगळ्या अधीक्षकांना शिकवलं मी. माहिती कशी भरायची, चुकली तर कशी दुरुस्त करायची. पण भरलीच नाही तर पडद्यावर काय दिसतं... ते सांगायचं सुचलं नाही. ते आमच्या बाजूचं काम होतं.”

बुवांनी आणखी एक खडा काढला. विभावरीला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी त्यांना भेटले,” ती हळू आवाजात म्हणाली. “दवाखान्यात. ताप त्यांनाही होता, स्वयंपाकाच्या बाईंनाही. पाड्यावरची धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली. ते म्हणाले, मॅडम, टेकडी चढायचं त्राण नव्हतं अंगात, आणि पोरांना टाकून जाववेना. म्हटलं, निरोप गेला नाही ना, म्हणजे गाडी येईलच. पोरांनाही तेच सांगत होतो. सायबीला दाराशी आणून बसवलं होतं. गाडी दिसली की पहिली हिला चढवायची म्हणून.”

बुवांचा हात सुपात थांबला.

“त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, बुवा. उलट विचारलं, गाडी बिघडली होती का?”

“तू काय सांगितलंस?”

“...मी म्हटलं, चौकशी चालू आहे.”

बाहेर उंबराखाली कोंबड्या माती उकरत होत्या. मठाचं दार सताड उघडं होतं, तरी तिला आत कोंडल्यासारखं झालं. कितीतरी दिवस ती नीट जेवली नव्हती. कार्यालयात गेलं की भिंतीकडे पाठ करून बसायची. अध्यक्षांनी दोनदा समजावलं होतं. ताई, तुमच्या मनाला लावून घेऊ नका, नियम सगळ्यांसमोर ठरला होता. पण बैठकीत कुणाच्या तोंडून काय निघालं हे चौकशीत काढायचं कारण नाही.

“मी नियमाचं सांगितलं, तर यंत्रणाच बंद करतील,” ती म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. “बाकीच्या शाळांना धान्य वेळेवर जातं ते तिच्यामुळे. पाण्याचे टँकर जातात. मी चौदा-चौदा तास बसून उभी केलीय ती. आणि सांगून होणार काय? सायबी परत येणार आहे का? पावरा सर तरी सुटतील का? त्यांनी भरली नाही ती नाहीच. मग मी पण का बुडायचं? कुणाला काय मिळणार आहे त्यातून? मला रात्रंदिवस ती पोर दारात बसलेली दिसते. मी तिला पाहिलेलंही नाही. कशी होती तेही ठाऊक नाही. तरी दिसते. आणखी काय हवंय माझ्याकडून?”

...

“सांगा ना काहीतरी.”

...

बुवा बोलेनात. विभावरीने पिशवीतून मोबाइल काढला, उद्याचं निवेदन उघडलं आणि ती ते वाचू लागली. यंत्रणा त्या काळात पूर्णपणे कार्यरत होती. संबंधित अधीक्षकांकडून कोणतीही माहिती प्राप्त झाली नाही. वाचताना तिने वर पाहिलं नाही. शब्द ठाकठीक होते. एका ठिकाणी ‘सदर’ दोनदा आलं होतं, ते तिने तिथेच दुरुस्त केलं.

“एवढंच आहे. चालेल ना?”

...

“बुवा?”

...

ती वाट पाहून कंटाळली. खरं तर फार वेळ तिने वाट पाहिलीच नाही. तिला उत्तर हवं होतं, आणि ते आजच हवं होतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “परवा फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जे खरं असेल ते बोलावं. मी तेच धरून चालते.”

तिने वाकून नमस्कार केला. पिशवी खांद्याला लावली. पायरीवर बसून चपला घातल्या. थोडं हलकं वाटलं तिला, आणि हलकं वाटल्याची भीतीही वाटली. अंगण ओलांडून ती कुंपणाच्या फाटकापर्यंत गेली. कडीला हात लावला. कडी काढली. मग का कोण जाणे, तिने मागे वळून पाहिलं.

बुवा उठून दारात येऊन बसले होते. सूप आतच राहिलं होतं. ते नुसते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

फाटकातूनच तिने विचारलं, “काही म्हणालात का?”

“नाही. न बोलताच तर केव्हाचा तुला हाका मारतोय.”