सहजसिंगाची अर्धी भाकरी

फार फार वर्षांपूर्वी, गोदावरीवर एकही धरण नव्हतं आणि माणसं नदी ओलांडायला उन्हाळ्याची वाट पाहत, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या एका वळणावर मोरढव नावाचं गाव होतं. पाणी तिथं इतकं खोल होतं की त्या ढवाला, म्हणजे डोहाला, तळच नाही, असं म्हणत.

त्या गावाबाहेर चिंचेखाली सहजसिंग नावाचा माणूस राहायचा. तो उत्तरेकडचा शीख. यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर दक्षिणेत आला, तापानं आडवा झाला आणि मागं राहिला. धंद्यानं शिकलगार. दगडी चाक फिरवून तो विळे, कोयते, सुऱ्या यांना धार लावायचा आणि बदल्यात पसाभर जोंधळे घ्यायचा. डोक्याला निळा फेटा, छातीवर पांढरी दाढी, कमरेला लहानशी कृपाण. पहाटे तो नदीवर अंघोळ करायचा आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटायचा.

गावाला हे पुटपुटणंच खटकायचं. एकदा हंबीरराव पाटलांनी त्याला हटकलं.

"काय रे, रोज पहाटे कसले मंतर मारतोस?"

"मंतर नाही, पाटील. नाव घेतो."

"कुणाचं?"

"तुम्ही घेता त्याचंच. तुमची हाक निराळी, माझी निराळी."

पाटलांना हे उत्तर आवडलं नाही. जो सरळ आपल्या देवाचं नाव सांगत नाही, तो काहीतरी लपवत असणार. गावानं मान डोलावली. सगळ्यांची पाती याच्या हातून जातात, कुणाच्या घरात किती हत्यारं आहेत हे याला ठाऊक, आणि हा कुणाचा कोण ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून बायका धार लावायला विळा देत, पण परत घेताना चिंचेखालीच धुऊन घेत.

त्या वर्षी पाऊस येऊन गेला आणि मग महिनाभर फिरकला नाही. पिकं माना टाकायला लागली. अशात पाटलांची सगळ्यात देखणी बैलजोडी एका दुपारी तोंडाला फेस येऊन गोठ्यात कोसळली. संध्याकाळच्या आत दोन्ही बैल गेले. लगोलग कुंभाराची गाय गेली, मग गोसाव्याची कालवड.

"विष घातलंय कुणीतरी," पाटील म्हणाले.

एवढं एक वाक्य पुरलं. असं म्हणतात की त्या दिवसांत मोरढवमध्ये सावलीसुद्धा आपल्या माणसाकडे संशयानं बघायची. पाणवठ्यावर आलेली बाई दुसरीचा हात घागरीत जातो का, ते बघत राही. आईनं दिलेलं दूध पोरं मांजरापुढं ठेवत. पाटलांनी सरकीची पेंड नेमासावांच्या दुकानातून आणली होती, म्हणून नेमासावांकडून मीठ घेणंसुद्धा लोकांनी बंद केलं. नेमासाव जैन; पाणी गाळून पिणारे, वाटेतली मुंगी ओलांडून जाणारे. पण लोक म्हणाले, एवढा जपून चालणारा माणूस काहीतरी झाकत असणार.

शेवटी बोट जिथं नेहमी जातं तिथंच गेलं. गावकुसाबाहेर रायनाक येसकर राहायचा. वेशीची राखण त्याची, आणि मेलेलं जनावर ओढून न्यायचं कामही त्याच्याच माणसांचं. कातडं त्यांना मिळायचं.

"कातड्यासाठी मारली जनावरं," कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते पुढं कुणालाच आठवलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

पारावर गाव जमलं. रायनाक हात जोडून लांब उभा होता. त्याची बायको सोनाई त्याच्या मागं होती. रायनाकानं गोदामाईची शपथ घेतली. कुणी ऐकली नाही. झोपड्या पेटवून त्या माणसांना नदीपार हाकलायचं ठरलं. पलित्यांना चिंध्या गुंडाळायलाही सुरुवात झाली.

तेव्हा सहजसिंग उठून पाराजवळ आला.

"पाटील, गावात विष आहे म्हणता ना? मग मी शोधून देतो."

"तू? कसं?"

"रोज एका घरी जातो. त्या घरची एक भाकरी घेतो. अर्धी तिथंच सगळ्यांसमोर खातो, अर्धी पुढच्या घरी नेऊन देतो. ती त्या घरानं खायची. ज्या घरात विष असेल तिथं मी मरेन. तुम्हाला आयताच गुन्हेगार सापडेल. तोवर रायनाकाच्या झोपड्यांना हात लावू नका."

गाव चरफडलं. एका घरची भाकरी दुसऱ्या घरात? कुणाची कुठं? पण पाटलांनी विचार केला. परका माणूस आहे, मेला तर रडायलाही कुणी नाही. आपलं काय जातंय?

"बरं," ते म्हणाले. "कर तुझ्या मनासारखं."

पहिल्या दिवशी सहजसिंग रायनाकाच्याच झोपडीत गेला. सोनाईनं भाकरी दिली.

"माय, तुमच्याकडं घास घ्यायच्या आधी काय म्हणतात?"

"म्हणत काई नाई, बाबा. मुंगीचा तुकडा बाजूला काढतो फकस्त."

सहजसिंगानं मुंगीचा तुकडा बाजूला ठेवला, हात जोडले आणि अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी ओंजळीत धरून तो गावात शिरला. दारं धडाधड बंद झाली. ऊन चढलं, उतरलं, तो दारोदार उभा राहिला. असं म्हणतात की इतका वेळ हिंडूनही त्या भाकरीतून तव्यावरून उतरल्यासारखी वाफ येत होती.

शेवटी एक दार उघडलं. बयजाबाई कुंभारणीचं. गाय मेल्यापासून ती कुणाच्या हातचं खात नव्हती आणि भीतीनं स्वतःची चूलही पेटवत नव्हती.

"आण इकडं," ती म्हणाली. "उपाशी मरायचं ते खाऊन तरी मरते."

तिनं उभ्याउभ्याच भाकरी खाल्ली. गल्ली श्वास रोखून बघत होती. बयजाबाई मेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली.

मग घरामागून घर सुरू झालं. सहजसिंग प्रत्येक उंबऱ्यावर तोच प्रश्न विचारायचा आणि त्या घराचं जे असेल तेच म्हणून घास घ्यायचा. गोसाव्याकडं त्यानं 'अलख' म्हटलं. लिंगायताच्या घरी शिवाचं नाव घेतलं. नेमासावांकडं तो दिवस मावळायच्या आत पोचला, त्यांच्याबरोबर णमोकार मंत्र म्हटला आणि मगच भाकरी मोडली. मागच्या घरची अर्धी भाकरी हातात आली तेव्हा नेमासाव कितीतरी वेळ तिला उलटून पालटून बघत राहिले.

"कांदा तर नाही ना लागला?" त्यांनी विचारलं.

"नाही, सावजी. कोरडीच आणली तुमच्यासाठी."

नेमासावांनी डोळे मिटले आणि घास घेतला. त्या संध्याकाळी त्यांच्या दुकानात पुन्हा मिठाला गिऱ्हाईक आलं.

पण संशय असा सहजासहजी मरत नाही. जसजशी घरं निर्दोष ठरत गेली, तसतशी पारावर नवी कुजबूज सुरू झाली. एवढ्या घरचं खाऊन हा मरत कसा नाही? याच्याकडं उतारा असणार. उतारा आहे म्हणजे विषही याचंच. आणि सगळ्यांचेच देव घेतो, तो कुणाचाच नसतो.

हे सगळ्यात जास्त हंबीररावांना पटलं. पटायला कारणही होतं. विष कुठंच निघालं नाही तर गाव एक दिवस विचारणार होतं, पाटील, मग विष म्हणालं कोण? आता एकच घर राहिलं होतं, त्यांचं. आणि त्यांच्याकडची अर्धी भाकरी फिरून पहिल्या घरी, रायनाकाकडं जायची होती.

त्या सकाळी पाटील स्वतः परसात गेले आणि कण्हेरीचं मूळ उकरून आणलं. ठेच्यात वाटलं. घरातल्या कुणाला कळू दिलं नाही. उतारा असेल तर हा जगेल आणि त्याचं पाप उघडं पडेल. नसेल तर सुंठीवाचून खोकला जाईल. अर्धी भाकरी पुढं कुठं जाणार आहे, याचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही की त्यांनी तो येऊ दिला नाही, हे देवाला ठाऊक.

भर दुपारी पाटलांच्या अंगणात गाव लोटलं. दाराशी, लांब, सोनाई पदर पसरून उभी होती. पाटलांनी ताट पुढं ठेवलं. भाकरी, तिच्यावर हिरवागार ठेचा.

सहजसिंग बसला. "पाटील, तुमच्याकडं घास घ्यायच्या आधी काय म्हणतात?"

हंबीररावांच्या घरी खंडोबाचं नाव घेतल्याशिवाय पान हलत नसे. त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. जीभ टाळूला चिकटली. त्या ताटावर देवाचं नाव त्यांना घेता येईना.

सहजसिंग त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं ताटाकडं बघितलं, दारातल्या सोनाईकडं बघितलं. "वाहेगुरू," तो हळूच म्हणाला आणि पहिला घास घेतला.

मग दुसरा. मग तिसरा. अर्धी भाकरी संपली, तरी तो थांबला नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. त्यानं उरलेली अर्धीही मोडली, शेवटच्या तुकड्यानं ताटातला ठेचा पुसून घेतला आणि तोही खाल्ला.

"बघितलं?" कुणीतरी ओरडलं. "पाटलाघरची भाकर दिसली आणि वाटणं विसरला!"

"हावरट!"

सोनाईचे डोळे भरले. "बाबा, आमच्या वाट्याची?"

"माय, आज भूक फार लागली होती," सहजसिंग म्हणाला. "माफी कर."

तो उठला. लोकांनी वाट दिली ती हसत दिली. कुणी मागून खडाही मारला. तो कुणाकडं न बघता नदीच्या वाटेला लागला.

अंगणात फक्त एकच माणूस हसत नव्हता. हंबीररावांना कळून चुकलं होतं. पगडी तिथंच टाकून ते अनवाणी धावत सुटले. ढवाच्या काठावर सहजसिंग छातीएवढ्या पाण्यात बसला होता. ओठ निळे पडले होते.

"तुला कळलं होतं?"

"तुमच्या तोंडून नाव निघेना, तेव्हाच."

"मग खाल्लंस कामून? बोंब मारायची होतीस! गाव होतं सगळं!"

"बोंब मारली असती तर रायनाकाच्या झोपड्या वाचल्या असत्या आणि तुमचं घर जळलं असतं. पलिते तयारच होते, पाटील. मला पलिते विझवायचे होते."

पाटील पाण्यात गुडघ्यावर बसले. तेवढ्यात गाव मागोमाग येऊन पोचलं. गर्दी बघून पाटलांना क्षणभर वाटलं, गप्प राहावं. हा काही सांगणार नाही. सहजसिंग खरंच काही बोलला नाही. त्या न बोलण्यानंच पाटील मोडले.

"मी घातलं," ते ओरडले. "ठेच्यात कण्हेर मी घातली. यानं तुमच्या वाट्याची भाकर नाही खाल्ली रे. तुमचं मरण खाल्लं!"

 सगळ्यात आधी रायनाक पाण्यात उतरला. त्यानं सहजसिंगाला काठाच्या उथळ पाण्यात ओढलं आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मग नेमासाव उतरले, मग बयजाबाई, गोसावी, मग सगळेच. कोण कुणाला शिवतंय हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. ज्याला जे नाव येत होतं ते तो घेत होता, आणि असं म्हणतात की नदीच्या पलीकडच्या तीरावर ऐकणाऱ्यांना ते एकच नाव वाटलं.

सूर्य टेकला तेव्हा ढवाचं पाणी निळं झालं, त्याच्या फेट्यासारखं निळं. ते निवळलं तेव्हा रायनाकाच्या मांडीवर नुसता ओला फेटा होता. गोसावी म्हणतात, त्यानं जलसमाधी घेतली. नेमासावांच्या घरचे म्हणतात, ज्याला कुणाचा द्वेषच उरला नाही त्याला देह तरी कशाला उरेल. आणि काही म्हणतात, तो वाचला, रात्र पडायच्या आत नदी ओलांडून गेला, आणि कुठल्याशा दुसऱ्या गावाबाहेर चाक फिरवत बसला. ढवाकाठच्या कण्हेरीचं विष त्या दिवसापासून उतरलं, असंही म्हणतात. अर्थात, ते चाखून बघायला अजून तरी कुणी गेलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसाच ताण पडला. पाटलांच्या नव्या बैलानं दावं तोडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो ज्वारीच्या करपत्या कोवळ्या कोंबांत शिरून चरला. घटकाभरात तोंडाला फेस येऊन तिथंच कोसळला. तेव्हा मोरढवला कळलं, की विष कुणीच घातलं नव्हतं. ते उभ्या शेतात, त्या करपत्या कोवळ्या ज्वारीतच होतं, आणि गेल्या वर्षी तीच कापून जनावरांपुढं टाकली होती. हंबीरराव बांधावर बसून लहान मुलासारखे रडले. पुढं मरेपर्यंत त्यांनी एकही भाकरी एकट्यानं खाल्ली नाही.

आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोरढवच्या पारावर घरटी एक भाकरी येते. सगळ्या एका टोपल्यात मिसळतात. जिला हात लागेल ती उचलायची, मोडायची, अर्धी स्वतः खायची आणि अर्धी, वर्षभरात ज्याच्याशी बोलणं टाकलं असेल त्याला द्यायची. याला तिथं 'सहजघास' म्हणतात.

आणि तुम्ही कधी मोरढवला गेलात, तर दचकू नका. परका माणूस आला की तिथले लोक अजूनही डोळे बारीक करून बघतात. माणसाचा स्वभाव कुठं जातो? पण नाव, गाव, जात विचारायच्या आधी ते तुम्हाला पाटावर बसवतील, ताट तुमच्यापुढं ठेवतील आणि पहिला घास तुमच्या ताटातून उचलून स्वतः खातील. आसपासची गावं हसतात, की मोरढवचा पाहुणचारच उलटा, आधी यजमान जेवतो. मोरढवची माणसं त्यांना हसू देतात. घास गिळून होईपर्यंत पाहुण्यासमोर शांत बसून राहतात आणि मग म्हणतात, "घ्या आता. सावकाश जेवा."