बद्द घंटा

"पण मग एकानंही का सांगितलं नाही, अण्णा? अख्खा कारखाना उभा होता तिथं. एकानंही?"

अण्णा ओतारी साच्यासाठी मेण मळत होते. मळता मळता त्यांनी एकदा नदीकडं पाहिलं आणि पुन्हा मळायला लागले.

"बसा तरी, सायेब," ते म्हणाले. "उभ्यानं इचारल्यालं उभ्यानंच परत जातंय."

गजेंद्र हलगेकर बसला. बसताना त्याला पँटची इस्त्री आठवली, आणि ती आठवली याचीच लाज वाटली. याच माणसासमोर तो एकेकाळी राखेत मांडी घालून बसायचा.

'सायेब' हा शब्द मात्र त्याला फार लागला.

अण्णांचं सगळं आयुष्य घंटा ओतण्यात गेलं. देवळाच्या, शाळेच्या, बैलाच्या गळ्यातल्या. आता भट्टी पुतण्याच्या हवाली करून ते घाटावरच्या महादेवाच्या धर्मशाळेत राहायला आले होते. ओसरीच्या कोपऱ्यात एक लहानशी भट्टी होती. हात गप्प बसत नाहीत म्हणून अधूनमधून एखादी घंटा ओतायची, एवढाच आता उद्योग.

गजेंद्र त्यांच्याच हाताखाली शिकला. भैरू मगदूमही. दोघं एका ताटात जेवायचे आणि एका साच्यावरून भांडायचे. पुढं गजेंद्रनं गावाबाहेर कारखाना काढला आणि भैरूला बरोबर नेलं. कारखाना वाढला. गजाचा गजेंद्रशेठ झाला, गजेंद्रशेठचा साहेब झाला. भैरूचा मात्र भैरूच राहिला.

"नेमकं काय झालं?" अण्णांनी विचारलं.

मग गजेंद्रनं सांगितलं. एका मोठ्या देवस्थानाला महाद्वारासाठी घंटा हवी होती. त्यांनी एक घंटा गजेंद्रकडून मागवली आणि एक शेजारच्या गावच्या कोळेकरकडून. दोन्ही अंगणात टांगायच्या, वाजवायच्या, लोकांना बरी वाटेल ती ठेवायची.

कोळेकरची घंटा वाजली आणि घुमतच राहिली. बोलणारी माणसं आपोआप गप्प झाली.

मग गजेंद्रची वाजली... आणि पायरीशीच मेली.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"टेम्पोतून परत आणताना ड्रायव्हर काय म्हणाला माहिताय, अण्णा? म्हणाला, 'साहेब, ही बद्द हाय हे तर कारखान्यात सगळ्यांनाच ठावं होतं की.' सगळ्यांना! आणि मला तेवढं ठाऊक नव्हतं."

अण्णांनी मान हलवली.

"बाकीच्यांचं सोडा. कारखान्यात ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा भैरू तिथं होता. भैरूच्या कानाला कळलं नाही असं होईल? त्याला कळलं होतं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत गप्प उभा राहिला. कोळेकरनं फितवलाय त्याला, दुसरं काय! उद्या त्याला मोकळा करतो. तुमच्या हाताखालचा माणूस, म्हणून आधी तुमच्या कानावर घालायला आलो."

"घातलंसा की."

"तुम्ही काहीच म्हणणार नाही?"

"कारखान्यात आता कसं असतंय?" अण्णांनी विचारलं, जणू भैरूचं नाव निघालंच नव्हतं.

गजेंद्रला बरं वाटलं. हा विषय त्याच्या आवडीचा. त्यानं विजेच्या भट्टीचं सांगितलं, आवाज मोजणाऱ्या मशीनचं सांगितलं. भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी आहे, प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक असतो, दरवर्षी गुणवंत कामगाराचा सत्कार होतो आणि दारातच एक सूचनापेटी आहे, हेही सांगितलं.

सूचनापेटीची किल्ली हरवून बराच काळ लोटला होता आणि आत पालीनं संसार मांडला होता, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला ते ठाऊकच नव्हतं. घंटांचा कारखाना, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एक माणूस पुढं येईल तर शपथ!

"मशीनला इचारलं व्हतं का?" अण्णा म्हणाले.

"विचारलं ना. मी आकडेच बघत होतो. मशीननं पास केली. सूर तंतोतंत."

"मग मशीन खरंच बोललं. तुम्ही सूर इचारला, त्यानं सूर सांगितला. घुमारा कुनी इचारला?"

गजेंद्रनं पँटची इस्त्री सारखी केली.

"मशीन चांगलं हाय," अण्णा पुन्हा म्हणाले. "माझ्या येळंला असतं तर म्या बी घेतलं असतं."

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. त्याचा आवाज थोडा उशिरानं ओसरीपर्यंत येत होता.

"सायेब, कारखान्यात तुमास्नी शेवटचं 'न्हाई' कोन म्हनलं?"

गजेंद्र आठवायला लागला. घरी रोज ऐकायला मिळायचं, पण तो खटला वेगळा. कारखान्यात... कारखान्यात...

आठवलं. भैरूच म्हणाला होता. घंटेचा काठ आपण फार पातळ धरतो, म्हणाला. जाड करून बघू, म्हणजे घुमारा वाढेल. न विचारता त्यानं करूनही बघितलं. साचे वाया गेले. गजेंद्रनं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "प्रयोग करायचे तर स्वतःच्या परड्यात करायचे. इथं नाही."

भैरू "बरं" म्हणाला होता. त्यानंतर तो नेहमी "बरं"च म्हणत आला.

आणि देवस्थानच्या अंगणात कोळेकरची जी घंटा घुमली, तिचा काठ जाड होता. गजेंद्रनं तो बोटानं चाचपून पाहिला होता. या कोळेकरच्या फाटकावर म्हणे बिघडलेल्या घंटांचं तोरण असतं. ज्यानं बिघडवली त्यानंच ती टांगायची, आणि मग सगळ्यांनी मिळून भजी खायची. गजेंद्रनं हे ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. धंदा करतात की जत्रा भरवतात?

आता त्याला हसू आलं नाही. उलट भज्यांचा वास आल्यासारखं झालं, आणि त्या वासामागून अण्णांची जुनी शेड आली.

पत्र्याची शेड. धूर, घाम, आरडाओरडा. नवी घंटा निवाली की अण्णा ती हातात धरायचे आणि ओरडायचे, "फिरा रं!" की सगळे भिंतीकडं तोंड करून उभे. मग टोला पडायचा. कुणाची घंटा, कुणी वाजवली, कुणाचं तोंड कसं झालं, काही दिसायचं नाही. नुसतं ऐकायचं. सगळ्यात नवा असेल त्यानं आधी बोलायचं, अण्णांनी सगळ्यात शेवटी.

एकदा तो नुकताच लागला होता तेव्हा पाठमोऱ्यानं जोरात ओरडला होता, "बद्द!" वळून बघतो तर घंटा अण्णांनी स्वतः ओतलेली. अण्णांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि घंटा वितळवायला मुशीत टाकली. भैरू तर हसून हसून खाली बसला होता.

त्या धपाट्यासाठी गजेंद्रचा जीव तुटला. एवढा मोठा माणूस, दारात दोन गाड्या, पण त्या क्षणी त्याला फक्त भैरूशी कडकडून भांडायचं होतं. काठ जाड की पातळ यावरून, पूर्वीसारखं, अगदी आईबापांचा उद्धार होईपर्यंत. कारखान्यात आता कुणी भांडत नव्हतं. त्या शांततेचा त्याला इतके दिवस अभिमान होता.

"आलासाच हाय तर एक काम करा," अण्णा म्हणाले आणि उठले.

आतून त्यांनी एक घंटा आणली. चांगली दोन हातांत मावेल एवढी. त्यांच्या अंगठ्यावर भाजल्याचा ताजा डाग होता.

"मागल्या आठवड्यात वतली. बघा बरं, कशी वाजतीया."

गजेंद्र उठून वळायला लागला, सवयीनं. पण अण्णांनी त्याचा दंड धरला. "अवो, असंच ऐका की. पावनं तुम्ही."

मग त्यांनी टोला दिला. टोला देताना ते सरळ गजेंद्रच्या तोंडाकडं पाहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण त्यातही केवढी आशा!

घंटा वाजली.

फुटक्या माठावर डाव आपटावा तशी वाजली.

"कशी हाय?"

"गोड आहे, अण्णा," गजेंद्र म्हणाला. "हात अजून तसाच आहे तुमचा."

"व्हय?" अण्णांचा चेहरा उजळला. "मग झालं तर. आज सोमवार हाय. सांजच्याला लोकं येत्यात. तवर म्हादेवाच्या दारात बांधून टाकतो. समद्यास्नी ऐकू दे."

गजेंद्र वाकला. त्यानं अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरायला लागला.

अर्ध्या पायऱ्यांवर त्यानं मागं वळून पाहिलं.

अण्णांनी देवळाच्या दारात स्टूल ओढलं होतं. एका हातात दोर, एका हातात घंटा. म्हातारा जपून जपून स्टुलावर चढत होता.

गजेंद्रला संध्याकाळ दिसली. येणारा पहिला माणूस हात वर करून टोला देणार. मग तो हसणार. मग मागचे हसणार. आणि अण्णा तिथंच ओसरीत बसलेले असणार.

तो धावत वर आला. एक चप्पल पायरीवरच राहिली.

"अण्णा, बांधू नका!"

"का?"

"बद्द आहे."

अण्णा स्टुलावर तसेच उभे राहिले. मग हळूहळू खाली उतरले.

"मग मघाशी का बोलला न्हाईस?"

न्हाईस... किती वर्षांनी! 'सायेब' गळून पडला होता.

"तुमच्या तोंडाकडं बघितलं, अण्णा. तुम्ही एवढ्या आशेनं बघत होता..."

"मला भ्यालास?"

"नाही."

"मग कोळेकरनं काय दिलं बिलं तुला?"

"अण्णा!"

"आरं, इचारतोय आपला."

"जीव झाला नाही," गजेंद्र म्हणाला. "दुसरं काही नाही. सांगायला जीव झाला नाही."

अण्णांनी मान हलवली. ओसरीवर जाऊन पुन्हा मेणाचा गोळा हातात घेतला. नदीवरचं धुणं संपलं होतं.

"भैरू..." गजेंद्रनं सुरुवात केली आणि तिथंच थांबला. उद्या त्याला मोकळा करतो, हे मघाचं वाक्य त्याला आता नुसतं आठवलं तरी नकोसं झालं.

"भैरू परवा येऊन गेला," अण्णा म्हणाले.

"इथं? कशाला?"

"तू आलास त्येच्याचपायी. म्हनला, अण्णा, घंटा बद्द हाय हे मला ठावं व्हतं आन् म्या गजाला सांगितलं न्हाई. अन्न ग्वाड लागंना झालंय."

गजेंद्रनं खाली बघितलं. "तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"म्या काय म्हनतोय? हीच घंटा वाजवून दावली."

"मग? काय म्हणाला तो?"

"भितीकडं त्वांड केलं, ऐकली, आन् म्हनला... अण्णा, पार बद्द हाय, मोडीत घाला."

गजेंद्रच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचं त्याला भान राहिलं नाही.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मला तर वततानाच कळलं व्हतं."

"मग ठेवलीत कशाला, अण्णा? भट्टी तुमची, मूस तुमची. तेव्हाच का नाही वितळवलीत?"

अण्णांनी मेणाचा गोळा बाजूला ठेवला. घंटा उचलून गजेंद्रच्या मांडीवर ठेवली.

"वितळवनारच व्हतो," ते म्हणाले. "पर म्हनलं... अजून एकाचं ऐकायचं ऱ्हायलंय."