चौथ्या आसनावरचा बहुरूपी

एका राज्यात भांडण झाले की तलवार उपसत नसत, पट मांडत असत. वाद बांधाचा असो की सीमेचा, खेळायला बसावे, फासे टाकावे, आणि ज्याची सोंगटी मधल्या कलशाला आधी शिवेल त्याचे खरे मानावे. पटाला आसने चार होती, पण पात्रे तीनच: खड्गी, मांत्रिक आणि चोर. खड्गीने समोरच्याला कापावे, मांत्रिकाने तीन घरे उडून जावे, चोराने दुसऱ्याचे दान पळवावे.

चौथे पात्र कोरायला औघडनाथ जादूगार बसला, तोच राजा सुमंतसेन म्हणाला, "तीन पुरेत. चौथे काय चाटायचे आहे?" औघडनाथाने छिन्नी खाली ठेवली. म्हणाला, "राजा, आजपासून चौथ्या आसनावर जो बसेल तो लाकडाचा होईल. ना भारी, ना हलके असे चौथे पात्र पटावर येईल, तेव्हाच तो सुटेल. डाव तीन मिळतील. तिन्ही फसले तर त्याला खुशाल चुलीत घाला." एवढे बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला. दरबाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

त्या आसनाकडे पुढे कोणी फिरकले नाही. पण राजाचे पानदान सांभाळणारा गोंदाजी होता जरा विसराळू. दिवसभर उभे राहून त्याचे गुडघे कुरकुरत होते, समोर मऊ गादी रिकामी होती. बसला. बसताक्षणी कंबरेपर्यंत सागवान झाला.

गोंदाजीची बायको भिवरा. सोंगट्या कोराव्या तर तिनेच, आणि खेळावे तर तेही तिनेच. तिच्यासमोर बसायला भलेभले कचरत. ती धावत आली, नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवला, तो टकटक वाजला. तिला हसावे की रडावे कळेना, म्हणून तिने दोन्ही केले.

राजा म्हणाला, "भिवरा, चौथे पात्र तूच घडव."

"आज्ञा, महाराज. पण भारी म्हणजे किती आणि हलके म्हणजे किती?"

राजाने प्रधानाकडे पाहिले, प्रधानाने छताकडे.

मग भिवरेने एक बहुरूपी कोरला. त्याला वाटेल तेव्हा खड्गी होता येई, वाटेल तेव्हा मांत्रिक, वाटेल तेव्हा चोर. आपला तो बाब्या! त्याला काय कमी करायचे? गोंदाजीच्या पाठीशी उभी राहून पहिला डाव ती स्वतः खेळली. नवव्या दानाला बहुरूपी कलशाला शिवला. राणीचा मांत्रिक अजून आपल्या घरातच बसून होता. राणीने सोंगटी आपटली, प्रधान उठून गेला, राजा म्हणाला, "हा खेळ की दरोडा?" आणि लाकूड गोंदाजीच्या छातीपर्यंत चढले.

"भारी झाला," भिवरा म्हणाली. "कापते."

तिने कापाकापी मांडली. सोंग घेतले की तीन दाने गप्प बसायचे. एक सोंग दोनदा घ्यायचे नाही. कोणते घेणार ते आधी सांगायचे. अशी सात बंधने घातली आणि घरी चारही बाजूंनी आपणच खेळून वीस डाव टाकले. बहुरूपी पाच जिंकला, बाकीचे तिघेही पाच-पाच. एवढा बरोबर हिशेब तिने जन्मात पाहिला नव्हता. ती निर्धास्त झोपली.

दुसऱ्या डावाला राजा म्हणाला, "तू नको. तू जिंकशीलच. पुरोहितबुवांना गोंदाजीच्या पाठीशी उभे राहून खेळू दे."

पुरोहितबुवांनी चौथे बंधन पाठ केले तोवर पहिले विसरले. सोंग सांगितले एक, घेतले दुसरे, आणि तिसऱ्या दानाला राजाच्या खड्गीने त्यांचा बहुरूपी कापला. बुवांच्या डोळ्यांत पाणी आले. "मला हे पात्र नको," ते म्हणाले, "यापेक्षा मी प्रेक्षक बरा." लाकूड गोंदाजीच्या गळ्याशी पोचले. हातही गेले.

भिवरा पार बुचकळ्यात पडली. घरी बरोबर, दरबारी चूक. वाढवावे तर दरोडा, कापावे तर रडारड. तिने बहुरूपी उलटा धरून पाहिला, जणू चूक त्याच्या तळव्यावर कोरली असावी.

राजवाड्याच्या खजिन्यात एक तराजू होता. त्यावर कशाचेही खरे वजन कळे. मात्र बाजूच्या सोन्याला हात लावला तर हात तिथेच राही; चारदोन हात तिथे अजून होते. राखणीला एक साळुंकी होती. भिवरेने सोन्याकडे ढुंकूनही न पाहता एका पारड्यात खड्गी ठेवला, एकात बहुरूपी. काटा मधोमध थांबला.

"बघ बाई!" ती साळुंकीला म्हणाली. "तराजूही सारखेच म्हणतो. वीस डावही सारखेच म्हणाले. मग खोटे कोण बोलते?"

"वीस डाव खेळले कोण?" साळुंकीने विचारले.

"मी."

"समोर कोण होते?"

"मीच."

"मग तू पात्र कुठे तोललेस? तराजूने लाकूड तोलले, आणि तू तुझा उजवा हात तुझ्याच डाव्या हाताशी तोललास."

भिवरेने दोन्ही सोंगट्या पारड्यांतून उचलल्या. "आता कसे करू?"

"ज्याला खेळता येत नाही त्याला खेळायला दे. आणि तोंड मीट."

राज्यात ज्याला खेळता येत नव्हते असा माणूस शोधायला भिवरेला लांब जावे लागले नाही. तिने गोंदाजीसमोर पट मांडला. तो चाल तोंडाने सांगे, ती सोंगटी हलवी. दिवसभर ती ओठ घट्ट मिटून बसली. असा दिवस तिच्यावर कधी आला नव्हता.

"आता मी कोण होऊ?" गोंदाजी विचारी. "तलवार घेऊ? का उडू? भिवरे, सांग की." ती सांगेना. मग तो विचार करी, करी, आणि शेवटी कोणीच न होता एक घर पुढे सरके. मात्र एक गोष्ट तो दर वेळी करी. जवळ दुसरी सोंगटी दिसली की आपली तिच्याशेजारी नेऊन उभी करी. "एकट्याला बरं वाटत नाही," तो म्हणे.

संध्याकाळी भिवरेने सातही बंधने पुसली आणि एकच नियम ठेवला: बहुरूपी ज्याच्याशेजारी उभा राहील त्याच्यासारखा होईल, एकटा पडला तर नुसता रंग फासलेला माणूस.

तिसरा डाव बसला. भिवरेचा जीव टांगणीला लागला. तिला स्वतःला खेळायचे असते तर ती एवढी भ्याली नसती. गोंदाजीचे फासे खजिन्यातून उडत आलेल्या साळुंकीने चोचीने टाकले. तो कधी राजाजवळ जाऊन तलवार चालवी, कधी राणीजवळून उडे. चोर खेळणारा प्रधान त्याला जवळ येऊ देईना, मग स्वतःच अडकला की हाका मारी, "अरे गोंदाजी, इकडे ये!" दोन प्रहर लोटले. पाने मागायची कोणाला आठवण झाली नाही. शेवटी राणीचा मांत्रिक कलशाला शिवला. बहुरूपी एक घर मागे राहिला.

भिवरेने डोळे मिटून घेतले. माझ्या हाताने मी धन्याला घालवले, असे तिला वाटले.

तेवढ्यात गोंदाजी म्हणाला, "एक दान, राणीसाहेब! मी तुमच्याकडे यायला एक दान उशीर केला."

"छे," प्रधान म्हणाला, "तू मला सोडून गेलास तिथे चुकलास."

"दोघेही चुकता," राजा म्हणाला. "पुन्हा मांडा."

राणी जिंकली होती, पण तिनेच सोंगट्या आधी उचलल्या. आणि गोंदाजीचा हात आपोआप बहुरूपीकडे गेला. हात गेला! सागवानाची साल तडतडत गळ्यापासून पायांपर्यंत उतरून पडली. हरलेल्याला रडू नाही, जिंकलेल्याला माज नाही, चौघांनाही अजून खेळायचे आहे. औघडनाथाने मागितले होते ते एवढेच.

दरबारात जयजयकार झाला. चौथे आसन सर्वांना खुले झाले, आणि राज्यातले वाद त्या दिवसापासून चौघांत सुटू लागले. भिवरेने रडत रडत नवऱ्याचा दंड धरला. तो ऊन होता.

"धनी, उठा. सुटलात तुम्ही."

"कळलं गं," गोंदाजी पटावरची नजर न काढता म्हणाला. "एवढा डाव होऊ दे."

तिला रागही आला आणि सुखही झाले. कोणते जास्त ते तिला कळेना. ती त्याच्या गुडघ्याला टेकून खाली बसली. फासे पडले. गोंदाजीने पहिलीच चाल साफ चुकवली. भिवरेने ती पाहिली आणि त्याला तशीच खेळू दिली.